सखाराम अण्णाच्या मिशीवरचे डोळे

आमच्या दादाच्या स्टुडिओत एक पत्र्याची पेटी होती. लोकं फोटो काढून जायचे आन् न्यायला यायचेच न्हाईत. कुणाचं लग्न मोडायचं, कुणाची हौस फिटायची, कुणी माणूसच निघून जायचं. ते फोटो दादा त्या पेटीत टाकायचा. एक पेटी भरली, मंग दुसरी आणली, मंग तिसरी. दादाच्या गोष्टी बी तशाच हायेत. ज्याच्यासंगं घडल्या तो काही न्यायला येत न्हाई, आन् साठून राह्यल्या माझ्याकडं!

दादा म्हणजे माझा बाप. घनसावंगीत त्याचा फोटो स्टुडिओ होता, पण सगळा तालुका त्याला 'पेंटर' म्हणायचा. दुकानाच्या पाट्या, बैलगाड्या, ट्रकच्या मागची नावं, सगळं तोच रंगवायचा. तीन वर्षाखाली नव्वदी ओलांडून गेला. माझी शाळा काही झाली न्हाई. लिहता येत न्हाई, पण ध्यानात सगळं राह्यतं. मी सांगते आन् माझी नात प्रज्ञा मोबाइलवर टाइप करते. मधीच थांबून विचारते, "आजी, हे लिहू का? लोकं काय म्हणतील?"

मी म्हणते, "लिही. ज्याचं हाय तो मेलाय."

आता हे सगळं उकरायचं कारण असं, की दिवाळीपासून मी माझ्या आईचे डोळे हुडकून राह्यले. खरंच! प्रज्ञानं जालन्यात घर बांधलं. नव्या भिंतीवर तिला पणजोबा-पणजीचा जोडीनं फोटो पाह्यजे. दादाचे फोटो बक्कळ. आईचे सातच. आन् साती फोटोत आईचे डोळे मिटलेले!

फोटोवाल्याच्या बायकोचं हे असं कसं, ते सांगते. पण जल्दी करू नका. पह्यले ताजमहाल.

*

दादा हे काम शिकला जालन्यात, एका म्हाताऱ्या मुसलमान उस्तादाकडं. परत आला तो तीन पायाचा कॅमेरा, काळं कापड आन् एक खुर्ची घेऊन. मागं लावायला पडदा पाह्यजे होता. दादानं मांजरपाट शिवून घेतलं आन् त्याच्यावर ताजमहाल काढायला घेतला. आता ह्यानं आग्रा कुठं बघितलाय? चहाच्या एका जुन्या डब्यावर ताजमहालाचं चित्र होतं, ते बघून काढला. डब्याला गंज चढल्ता. मिनार किती, ते काही कळंना. दादानं अंदाजानं चार काढले.

आई मागून म्हणली, "अहो, ह्या अंगाला कापड मोकळंच राह्यलं की."

दादानं तिथं पाचवा उभा केला.

पुढं वीस-पंचवीस वर्षं तालुक्यातल्या समद्या नवरा-नवरीचे फोटो त्या पाच मिनाराच्या ताजमहालापुढं निघाले. कुणी ब्र काढला न्हाई. मंग एक गुरुजी सहलीला खरोखर आग्र्याला गेले. परत आले ते घरी न जाता, हातात पिशवी तशीच, थेट स्टुडिओत!

"पेंटर! तिथं चारच मिनार हायेत!"

दादा काळ्या कापडात डोकं घालून होता. बाहेर बी आला न्हाई. आतूनच म्हणला, "एक पडला आसंल, गुरुजी. जुनं बांधकाम हाय."

गुरुजी गुमान घरी गेले. वर्गात पोरांना पुढं काय शिकवलं माहीत न्हाई. पण पाचच शिकवले आसतील, कारण त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत पाच होते!

*

त्या ताजमहालापुढं दादानं पाण्याचा एक हौद बी काढल्ता. निळंशार पाणी, त्यात मिनाराची सावली.

पोळ्याच्या दिवशी नदीकडचा एक शेतकरी आला, संगं बायको आन् सजवलेला बैल. म्हणला, "पेंटर, ह्याचा फोटो काढा."

"बाहेर उजेडात उभा करा."

"न्हाई, ताजमहालापुढंच पाह्यजे. गेल्या साली हिचा काढला तिथं. हा काय हिच्यापेक्षा कमी राबतो का?"

त्याची बायको म्हणली, "जास्तच राबतो. खुर्चीवर बसवा त्याला, मी धरते कॅमेरा!"

बैलाला आत घेतला. बैलानं हौद बघितला. उन्हातून आलेला, तहानलेला. दोन पावलं पुढं गेला आन् चित्रातल्या पाण्याला तोंड लावलं! चाटलं, हुंगलं, आन् पाणी येईना म्हणून शिंगानं टर्रकन फाडलं.

मला वाटलं आता दादा शेतकऱ्याला धरतो. दादा बैलाच्या गळ्यात पडला! "आजपोतर अशी दाद मला कुणी दिली न्हाई!"

मंग त्या भोकाला दादानं ठिगळ लावलं, आन् ठिगळ दिसू नये म्हणून त्याच्यावर होडी काढली. म्हणून आमच्या भागातल्या निम्म्या जुन्या फोटोत ताजमहालापुढं होडी हाय आन् निम्म्यात न्हाई. मी नुसतं बघून सांगते, लग्न बैलाच्या आधीचं का बैलाच्या नंतरचं!

*

स्टुडिओत एक कोट बी होता. काळा. त्याला पाठ नव्हती. म्होरून कोट, मागून नाडी. कुणी बी यावं, हात घालावे, दादानं मागून परकराच्या नाडीवानी गाठ मारावी. जाड्याला ढिली, बारक्याला आवळून. तालुक्यातला हरेक नवरदेव त्याच एका कोटात.

एकदा पोरीच्या बापाला पोराचा फोटो दाखवायला आणला. तो बराच वेळ बघत बसला. मध्यस्थ विचारतोय, "काय, पसंत हाय का?"

बाप म्हणला, "पोराचं काही सांगता येत न्हाई. कोट मात्र घरचा वाटतो!"

*

आता डोळ्याकडं येते.

दादाच्या धंद्यात एक शब्द होता. फोटोत कुणाचे डोळे मिटले, की तो म्हणायचा, "डोळा लागला." आपण झोपेला म्हणतो तसं. आन् लगेच म्हणायचा, "काळजी नका करू, उघडून देतो." मंग तीन केसाचा ब्रश, काळी शाई, आन् मिटल्या पापणीच्या जागी उघडा डोळा.

तवा खेड्यात जिवंतपणी म्हाताऱ्या माणसाचा फोटो कोण काढायचं? माणूस गेलं की घरच्याला आठवायचं, अरे, बापाचा फोटोच न्हाई! मंग सायकलवर माणूस धाडायचे. दादा कॅमेरा घेऊन जायचा. मयताला भिंतीला टेकून बसवायचे, फेटा बांधायचे, एकजण मागून लपून मान धरायचा. आन् दादा सवयीनं मयताला म्हणायचा, "हलू नका!"

एकदा त्या मागच्या माणसाला शिंक आली. मयताची मान हालली! सगळं घर पळालं. गळा काढून रडणाऱ्या सुना सगळ्याच्या म्होरं! अंगणात कुणी राह्यलं न्हाई. एकटा दादा काळ्या कापडातून ओरडून राह्यला, "हलू नका म्हणलं ना! आता पुन्हा काढावा लागंल!"

फोटो धुऊन मोठा केला, की त्याला उघडायचं काम स्टुडिओत चालायचं. लोकं येऊन विचारायचे, "पेंटर, झाला का आमचा बाप उघडून?" एक सून मात्र येऊन हळूच सांगून गेली, "सासू उघडायची काही घाई न्हाई, भाऊ. सावकाश करा."

*

पण एक अडचण होती. दादाला मनानं डोळे काढता यायचे न्हाईत. त्याच्या उस्तादानं सांगितल्तं, "बेटा, आँखीच फोटो है. बाकी सब कपडा है." म्हणून म्होरं खरे डोळे पाह्यजेत. आन् स्टुडिओत दिवसभर म्होरं कोण बसलेलं? आई. कोपऱ्यात सूप घेऊन तूर निवडत.

"अगं, वर बघ."

आई वर बघायची. "काय हाय आता? निवडू द्या की!"

ते जे बघणं, तेच दादा काढायचा. घाईच्या टायमाला मधी मधी हाक मारणाऱ्या नवऱ्याकडं बाई जशी बघती, तसं!

त्या बघण्याची ताकद मला विचारा. आईनं मला कधी मारलं न्हाई, कधी आवाज चढवला न्हाई. मी बाजेवर पाय वर घेऊन बसले, की ती सुपातून नुसती नजर उचलायची. तोंडातून शब्द न्हाई. माझा पाय आपोआप खाली!

तर तालुक्यातले सगळे मेलेले म्हातारे असे बघायला लागले. कुणी तक्रार केली न्हाई. उलट पोरं फोटो हातात घेऊन रडायची, "अगदी बापच! माह्याकडं असाच बघायचा!"

*

सखाराम अण्णा आन् गणपत तात्या, दोघाचं शेत शेजारी, आन् बांधावरून वीस वर्षं बोलणं बंद. दोघं एकाच उन्हाळ्यात गेले. दोन्ही घरची माणसं दादाकडं आली. दादानं दोघाला बी उघडून दिलं.

भांडण बाप्याचं होतं, बायांचं येणं-जाणं चोरून चालूच होतं. एक दिवस गणपत तात्याची सून हळदी-कुंकवाला सखाराम अण्णाच्या घरी गेली. भिंतीवर बघितलं आन् किंचाळली, "अगं बया! आमचा म्हातारा हितं कसा?"

झालं! आठ दिवसात गावभर. दोघाचे डोळे एक, म्हणजे दोघाचा बाप एक! म्हाताऱ्या बाया बोटावर महिने मोजायला लागल्या. कुणाची आय कवा माहेरी गेल्ती, कवा आल्ती, सगळं निघालं.

मंग दोघाचे थोरले पोरं फ्रेमा काखेत मारून स्टुडिओत आले. टेबलावर शेजारी शेजारी ठिवल्या. सखाराम अण्णाचा पोरगा म्हणला, "पेंटर, खरं सांग. हे काय हाय?"

दादा म्हणला, "सख्खे न्हाईत, सावत्र बी न्हाईत. मला एकच जोडी काढता येते."

"कुणाची?"

दादानं ब्रश कोपऱ्याकडं केला. कोपऱ्यात आई. तिनं सुपातून वर बघितलं.

दोघांनी आईकडं बघितलं. फोटोकडं बघितलं. पुन्हा आईकडं बघितलं.

सखाराम अण्णाचा पोरगा लालबुंद झाला. "म्हंजी आमचा बाप तुह्या बायकोच्या डोळ्यानं बघतो?"

आता हे ध्यानात घ्या, आम्ही बौद्ध वस्तीतले. ह्या दोन्ही घरी आईला उंबऱ्याच्या आत पाय टाकता येत नव्हता. तहान लागली तर अंगणात ओंजळ धरायची, वरून पाणी ओतायचे. मला वाटलं, आता हे कॅमेरा फोडतेत.

आईनं सूप पाखडलं. म्हणली, "बरंच झालं की. मला आत घेत नव्हते तुम्ही. आता हार घाला, आन् सकाळ-सांज पाया पडत जा!"

गणपत तात्याच्या पोराला हसू फुटलं. त्याला काही केल्या आवरंना. सखाराम अण्णाचा पोरगा हसला न्हाई. फ्रेम काखेत घातली आन् जाता जाता म्हणला, "हे आमच्या बापाचेच डोळे हायेत. कुणी इचारलं तर असंच सांगायचं."

आन् त्या दिवसापासून त्या घरात असंच सांगतेत.

*

आता आईचे सात फोटो.

सणावाराला दादा आईला खुर्चीवर बसवायचा. "एक, दोन, तीन" म्हणायचा आन् तीनला फोटो काढायचा. आई तीनला डोळे मिटायची. मंग दादानं चलाखी केली, दोनलाच काढला. आईनं दोनला मिटले!

"तुला कसं कळलं?"

"तुमचा भरोसा न्हाई, हे मला लग्नापासून माहीत हाय."

असे सहा झाले. सातव्या बारीला दादा वैतागला. "मरू दे. मीच उघडून देतो."

आई खुर्चीवरून उठली. "मी मेले का उघडून द्यायला? मेल्यावर उघडा!"

पुढच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. चार दिवसात. मी नऊ वर्षाची, माझा भाऊ मिलिंद दोन वर्षाचा. तवापासून माझी शाळा म्हणजे मिलिंद.

दादानं साती फोटो टेबलावर मांडले. शाई घोटली, ब्रश घेतला आन् बसला. दुपार झाली, तसाच. ऊन टेबलावरून खाली उतरलं, तसाच. मंग त्यानं ब्रश धुतला. म्हणला, "मिलिंदाला भूक लागली आसंल."

त्याच्यानंतर बी दादा लोकांचे बाप उघडून देतच राह्यला, त्याच डोळ्यानं. म्होरं सूप नव्हतं तरी. तिचे तेवढे न्हाई.

*

आमच्या विहाराच्या भिंतीवर भगवान बुद्ध दादानंच काढलेत. काम चाललं होतं तवा वस्तीतली एक म्हातारी रोज येऊन बसायची. शेवटच्या दिवशी म्हणली, "पेंटर, साऱ्या पाटला-देशमुखाचे डोळे उघडून देतोस, आन् आपल्याच माणसाचे मिटलेले ठिवतोस व्हय रे?"

दादा म्हणला, "माय, ते जागे हायेत."

"मंग आम्ही?"

"तुमचा डोळा लागलाय."

म्हातारीला राग आला. दुसऱ्या दिवशी वंदनेला आली ती डोळ्यात हे एवढं काजळ घालून! सगळी वंदना होईपोतर पापणी पाडली न्हाई. डोळ्यातून पाणी गळून राह्यलं, तरी टक लावून दादाकडं बघतीय!

*

दादा गेला तवा मिलिंदनं बॅनर करून आणला. बॅनरवाल्यानं दादाला गोरापान केला, निळा सूट घातला, टाय बांधला, मागं बर्फाचे डोंगर टाकले. आयुष्यभर बनियनवर बसलेला माणूस! लोकं येऊन बघायचे आन् पुटपुटायचे, "पेंटर विलायतेला कवा गेल्ता?"

दादाच्याच वयाचा एक म्हातारा काठी टेकत आला. बॅनरपुढं उभा राह्यला. सगळ्याला वाटलं, आता ह्याचा बांध फुटणार. म्हाताऱ्यानं मिलिंदला जवळ बोलवलं आन् विचारलं, "मागून बघ रं जरा. पाठ हाय का कोटाला?"

*

तर असं करत करत प्रज्ञाच्या भिंतीवर आलो. दादाचा फोटो मिळाला. शेजारी आईचा ठिवला. मिलिंदची बायको म्हणली, "बरं न्हाई दिसत, वन्स. एक जागा आन् एक झोपलेली."

प्रज्ञा म्हणली, "आजी, सोपं हाय. मोबाइलवर उघडता येतेत. एआय हाय ना!"

पह्यल्या बारीला आईला अशा लांब पापण्या आल्या, की मी म्हणले, "ही माझी आई न्हाई. ही तमाशाच्या फडातून थेट आली." दुसऱ्या बारीला डोळे निळे झाले. तिसऱ्या बारीला एकच उघडला! माझी आई, साठ वर्षानं, माझ्या नातजावयाच्या म्होरं डोळा मारून राह्यली!

"आजी, मंग तुझेच डोळे लावू का?"

"माझे दादावर गेलेत, बारीक. त्यात मोतीबिंदू काढलेला. आन् तुझ्या त्या एआयला तूर निवडणारी बाई माहीत न्हाई. आईचे डोळे आपल्याकडं न्हाईत, बाळा. लोकांच्या भिंतीवर हायेत. चल, हुडकू."

मंग आम्ही दोघी जीपमध्ये बसून गावोगाव. एका घरी पावसाचं पाणी मुरून फोटोतली मिशी तेवढी उरली. त्यांनी तिलाच हार घातलाय! एका घरी जुना फोटो काढून बॅनर लावला. एका घरचा नातू म्हणला, "आम्ही कलर करून घेतला, आजी. डोळे बी नवीन टाकले." जसे गाडीला लाइट टाकले!

गणपत तात्याच्या घरी गेलो. जो पोरगा तवा हसल्ता, तो आता माझ्यापेक्षा म्हातारा. त्यानं स्वतः उठून मला आत बसवलं. म्हणला, "वाळवीनं खाल्ला गं फोटो. फेट्यापासून सुरू केलं, डोळ्यापोतर आली तवा आम्हाला कळलं. जिंदगीभर बाप म्हणून पाया पडलो. खाल्ला तवा पह्यले तुझी आई ध्यानात आली." मंग म्हणला, "आता एकच जागा हाय. सखारामाचा नातू. अंकुशनगरला राह्यतो, कारखान्यावर. पण तो देईल का, मला सांगता येत न्हाई. बापावर गेलाय."

*

अंकुशनगरला सखाराम अण्णाच्या नातवाचं, बाळासाहेबाचं घर हुडकायला वेळ लागला न्हाई. पन्नाशीचा माणूस, बायको हसतमुख. आम्हाला सोफ्यावर बसवलं. मी वर बघितलं.

टीव्हीच्या वर, चंदनाच्या हारात सखाराम अण्णा. फेटा कडक, मिशी ही एवढी. आन् मिशीच्या वर माझी आई.

प्रज्ञानंच सगळं सांगितलं. पेंटर, तूर, सात फोटो, नवं घर. म्हणली, "काका, फ्रेम नको आम्हाला. एक स्टूल द्या, वर चढून मोबाइलवर जवळून एक फोटो काढते. दोन मिनिटाचं काम हाय."

बाळासाहेबाचं तोंड बदललं. खुर्चीत मागं रेलला, एक पाय वर घेऊन मांडीखाली घातला. म्हणला, "ते जुनं मला माहीत हाय. लोकांनी उठवलेलं. आजोबाचे डोळे आजोबाचेच हायेत. आमच्या घरात सगळ्याचे असेच हायेत."

प्रज्ञानं त्याच्या डोळ्याकडं बघितलं. शर्टाच्या बटणावानी बारीक! ती तोंड उघडणार, तेवढ्यात मी तिला चिमटा काढला.

"बराबर हाय, भाऊ," मी म्हणले. "तुमच्या घरातली वस्तू. आम्ही जबरदस्ती करणार न्हाई."

"चहा घेतल्याबिगर मात्र सोडणार न्हाई," त्याची बायको म्हणली. चहा आणला. त्यांच्याच कपबशीत, सगळ्याला सारखा. माझा गुडघा धरलेला बघून तिनं उशी दिली. "आजी, पाय वर घ्या बरं. घरचंच समजा."

मी पाय सोफ्यावर घेतला. बशीत चहा ओतला. प्रज्ञा हिरमुसून मोबाइल पर्समध्ये ठिवून राह्यली. बाळासाहेब टीव्हीवर बातम्या बघत बसला. मी बशी तोंडाला लावली, आन् वर बघितलं.

पाय आपोआप खाली गेला. चहा लुगड्यावर सांडला.

"अहो आजी! काय झालं? राहू द्या ना पाय वर!"

"न्हाई बाई," मी म्हणले. "ती बघून राह्यली."

"कोण बघून राह्यली?"

मी बशीनंच भिंतीकडं दाखवलं.

बाळासाहेबानं टीव्हीचा आवाज बंद केला. भिंतीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मंग माझ्या पायाकडं बघितलं. मंग खुर्चीवर घेतलेला आपला पाय हळूच खाली ठिवला, आन् बायकोला म्हणला,

"स्टूल आण."